बारावा गडी

मैदानावरील अकरा गड्यांविषयी आपल्याकडे इतके लिहिले आणि बोलले जाते की, बाराव्याची आठवण कोणास राहू नये यात नवल नाही. तोही पांढराशुभ्र पोशाख करून आलेला असतो. सकाळी त्यानेही इतरांच्या बरोबरीने सराव केलेला असतो. परंतु नाणेफेक होऊन संघ जाहीर झाला की त्याची जागा सीमारेषेच्या बाहेर, बाकावर. कोणास तहान लागली तर पाणी न्यावे, कोणाचे हातमोजे भिजले तर कोरडे द्यावेत, आणि कोणी जायबंदी झालाच तर त्याच्या जागी धावावे, एवढे त्याचे काम. त्याने सीमारेषेवर एखादा अप्रतिम झेल घेतला, तरी धावफलकावर बहुधा ‘बदली खेळाडू’ अशीच नोंद होते. त्या दिवशी नावाचा मान फक्त अकरांना.

तथापि बारावे गडी सगळेच एका जातीचे नसतात. एकास संघात जागा नसते म्हणून तो बाहेर राहतो. दुसरा मात्र आत घेण्याजोगा असूनही जाणूनबुजून बाहेर ठेवला जातो. ‘तुझ्यात गुण आहे, म्हणूनच अजून एक वर्ष थांब,’ असे त्याला सांगण्यात येते. पहिल्याचे दुःख कोणालाही समजते. दुसऱ्याच्या वाट्यास आलेले दुःख म्हणावे की भाग्य, हेच मुळी चटकन ठरत नाही. गुणी मुलास पहिल्या वर्षी राखून ठेवावे, की गुण दिसला त्याच दिवशी त्याला मैदानात उतरवावे, हा तो प्रश्न. गेले काही महिने हा प्रश्न माझ्या ओटीवर येऊन बसला आहे. म्हणून त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे योजले आहे.

अमेरिकेतील विद्यापीठांनी या प्रश्नाला एक नावच देऊन टाकले आहे. तिकडे फूटबॉल म्हणून जो खेळ चालतो, त्यात पायाचा संबंध बेताचाच. लांबट चेंडू काखोटीस मारून धावणे आणि धावणाऱ्यास आडवा पाडणे, हे त्याचे मुख्य अंग. १९३७ साली नेब्रास्का विद्यापीठातील वॉरन आल्फसन नावाच्या विद्यार्थ्याने आपण होऊन विनंती केली की, या हंगामात मला सामन्यांत घेऊ नये, सराव मात्र संघाबरोबर करू द्यावा. सरावास तो तांबडा सदरा घालून येई आणि त्या सदऱ्यावर क्रमांक नसे, असे सांगतात. पुढे त्याने संघात मानाची जागा मिळवली, आणि असा राखून ठेवलेला विद्यार्थी ‘रेडशर्ट’, म्हणजे तांबड्या सदऱ्याचा गडी, या नावाने ओळखला जाऊ लागला. कालांतराने ही रीत नियमांत जाऊन बसली. पाच वर्षांच्या मुदतीत चार हंगाम खेळावयाचे, असा नियम झाल्यामुळे एक वर्ष बाहेर बसून काढले तरी खेळण्याचा हक्क बुडत नसे. तो पुढे सरके, इतकेच. २०१८ साली त्यात आणखी सवलत देण्यात आली. एखादा मुलगा हंगामात चार सामन्यांपर्यंत खेळला, तरी त्याचे ते वर्ष खर्ची पडले असे धरावयाचे नाही, असे ठरले.

या रीतीचे समर्थन करणाऱ्यांचे म्हणणे पोकळ नाही. अठरा वर्षांचा मुलगा शाळेत कितीही गाजलेला असो, विद्यापीठाच्या मैदानावर त्याची गाठ बावीस वर्षांच्या, अंगाने भरलेल्या पुरुषांशी पडते. त्याची हाडे अजून पोसलेली नसतात, घर प्रथमच सुटलेले असते, अभ्यासही नवा असतो. अशा स्थितीत वर्षभर अंग कमवावे, डावपेच शिकावेत, परीक्षा नीट द्यावी आणि मग मैदानात उतरावे, यात शहाणपण आहे. २०१२ साली जॉनी मॅन्झेल आणि २०१३ साली जेमिस विन्स्टन यांनी त्या खेळातील विद्यार्थ्यांचा सर्वोच्च मान समजला जाणारा हाइजमन करंडक मिळवला. दोघांचेही आदले वर्ष तांबड्या सदऱ्यात गेले होते.

परंतु विरुद्ध पक्षाचा एक मुद्दा मला अधिक टोचतो. खरोखर असामान्य असलेला मुलगा चार हंगाम विद्यापीठात थांबतच नाही. शाळा सोडून तीन वर्षे झाली की तिकडील व्यावसायिक संघांना त्याला घेण्याची मोकळीक असते, आणि तो जातो. म्हणजे त्याच्या नावावर राखून ठेवलेले ते शेवटचे वर्ष त्याच्या कधी उपयोगीच पडत नाही. मध्यम गुणाच्या मुलाला राखलेले वर्ष पुढे परत मिळते. श्रेष्ठ गुणाच्या मुलाचे मात्र गेले ते गेलेच. मग ते राखले तरी कोणासाठी? पुष्कळदा प्रशिक्षकाच्या सोयीसाठी. यंदा अमक्या जागेवर जुना गडी आहे, पुढल्या वर्षी तो जाणार, तोवर हा नवा कोठारात असू द्यावा, असा तो हिशेब असतो. हिशेबात चूक नसेल. परंतु तो संघाचा हिशेब आहे, मुलाचा नव्हे. या दोन हिशेबांची गल्लत होऊ लागली म्हणजे ‘तुझ्याच भल्यासाठी’ हे शब्द ऐकताना कान टवकारावेत, असे मला वाटते.

आपल्याकडे ही रीत या नावाने नसली तरी ती गोष्ट आपल्यालाही जुनीच आहे. सुनील गावसकर यांचेच पाहा. १९६६ साली ते देशातील उत्कृष्ट शालेय खेळाडू ठरले. त्यानंतर मुंबईच्या रणजी संघात त्यांचे नाव आले खरे. परंतु दोन वर्षे संघात असूनही त्यांना एकही सामना मिळाला नाही. १९६८-६९ च्या हंगामात संधी मिळाली, तेव्हा पहिल्याच डावात भोपळा हाती आला, आणि माधव मंत्री निवडसमितीवर आहेत म्हणून भाच्याची वर्णी लागली, असे टोमणे ऐकावे लागले. पुढल्याच सामन्यात त्यांनी राजस्थानविरुद्ध शतक काढले. आणि १९७१ साली वेस्ट इंडीजमध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, चार कसोटी सामन्यांत ७७४ धावा केल्या. मुंबईच्या त्या काळच्या बलाढ्य संघात जागा नव्हती म्हणून ही दोन वर्षे गेली. कोणी फार खोल विचार करून ती राखली, असे म्हणवत नाही. पण क्लबांचे सामने आणि विद्यापीठाचे सामने यांतून त्यांची बॅट चालूच राहिली होती. रणजी सामन्यांपुरते ते बाहेर होते. खेळाच्या बाहेर नव्हते.

सचिन तेंडुलकर यांची कथा याहून बोलकी आहे. १९८७-८८ च्या हंगामासाठी मुंबईने त्यांना रणजी संघात घेतले, तेव्हा त्यांचे वय अवघे चौदा होते. त्या सबंध हंगामात अंतिम अकरांत ते एकदाही नव्हते. बदली क्षेत्ररक्षक म्हणून मात्र पुष्कळदा मैदानात जात. तांबडा सदरा नाही, एवढाच काय तो फरक! आणि याच हंगामात, फेब्रुवारी १९८८ मध्ये, आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रमाच्या या मुलाने विनोद कांबळी यांच्यासमवेत ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. मोठ्यांच्या संघात पाणी न्यावयाचे, मोठे कसे खेळतात ते जवळून पाहावयाचे, आणि आपल्या वयाच्या मुलांत परतून मनमुराद खेळावयाचे, असे ते वर्ष गेले. डिसेंबर १९८८ मध्ये गुजरातविरुद्ध पहिल्याच रणजी सामन्यात त्यांनी नाबाद शतक केले. १५ नोव्हेंबर १९८९ रोजी कराचीस ते पहिला कसोटी सामना खेळण्यास उतरले, तेव्हा वय सोळा वर्षांचे होते. चौदाव्या वर्षी थांबवणारेही शहाणेच, आणि सोळाव्या वर्षी न थांबवणारेही शहाणेच. शहाणपण वयाच्या आकड्यात नव्हते, त्या मधल्या काळात मुलाच्या हातून काय करवून घेतले यात होते.

त्यांचे गुरू रमाकांत आचरेकर हे तर बाकावर बसवण्याच्या अगदी उलट मताचे. शिष्याला आपल्या स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेणारे हे गृहस्थ. सरावातील शंभर चेंडूंपेक्षा सामन्यातील दहा चेंडू अधिक शिकवतात, अशी त्यांची कामाची धाटणीच सांगते. सरावात बाद झालेला गडी पुन्हा उभा राहतो. सामन्यात बाद झालेला तंबूत परततो. परतण्याची ती वाट ज्याने तुडवलेली नाही, त्याला पुन्हा बाद न होण्याची खरी निकड कशी कळावी? राखून ठेवण्याच्या बाजूने कितीही बोलले, तरी या आक्षेपाला पुरेसे उत्तर मला अद्याप सापडलेले नाही. म्हणूनच राखलेल्या वर्षात खेळ बंद नसावा, फक्त त्याची पायरी खालची असावी, असे म्हणण्यापर्यंत मी आलो आहे.

मी राहतो त्या रानशेतास रेल्वेचे स्टेशन डहाणू. २०१३ पासून चर्चगेटच्या लोकल गाड्या डहाणूपर्यंत येऊ लागल्या, आणि मुंबईचे मैदान आमच्या मुलांना निदान गाडीच्या वेळापत्रकात तरी दिसू लागले. याच लोहमार्गाने दोन खेळाडू दिले, आणि दैवाचा योग असा की, ऑक्टोबर २०१८ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धच्या एकाच मालिकेत, लागोपाठच्या दोन सामन्यांत, दोघांचेही कसोटी पदार्पण झाले. विरारचा पृथ्वी शॉ तेव्हा अठरा वर्षांचा. राजकोटला पहिल्याच डावात त्याने १३४ धावा काढल्या. पालघरचा शार्दूल ठाकूर तेव्हा सत्तावीस वर्षांचा होण्यास चार दिवस कमी; हैदराबादेस दहा चेंडू टाकून दुखापतीने तो बाहेर पडला. पहिल्याचे सगळेच लवकर झाले होते: चौदाव्या वर्षी शालेय सामन्यात ५४६ धावा, सतराव्या वर्षी रणजीच्या उपान्त्य सामन्यात शतक. दुसऱ्याचे सगळेच सावकाश. रणजीच्या पहिल्या चार सामन्यांत त्याला चारच बळी मिळाले, आणि २०१६ साली वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर कसोटी संघाबरोबर जाऊनही एकही कसोटी न खेळता तो परतला. पुढे जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनच्या कसोटीत याच शार्दूलने सात बळी घेतले आणि पहिल्या डावात ६७ धावा काढल्या. तर पृथ्वी, हे लिहीपर्यंत तरी, पाच कसोटींपलीकडे गेलेला नाही.

यावरून ‘लवकर पिकते ते लवकर सडते’ असा सिद्धान्त काढण्याचा मोह होतो. तो मोह आवरावा. सोळाव्या वर्षी उतरलेला गडी चोवीस वर्षे खेळला, हे आपण नुकतेच पाहिले. माझ्या लक्षात राहिली ती निराळीच गोष्ट. पालघरच्या त्या शाळकरी मुलास रोज मुंबई गाठणे जड जाऊ लागले, तेव्हा बोरिवलीच्या शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतले. याच लाडांनी पूर्वी रोहित शर्मा या मुलाची फी शाळेकडून माफ करवून घेतली होती. ‘थांब, घाई करू नकोस’ असे सांगणारे पुष्कळ असतात. थांबण्याच्या काळात मुलाने जेवावे कोठे आणि निजावे कोठे, याची जबाबदारी उचलणारे थोडे.

हा विचार मला पुस्तकात सापडलेला नाही. तो आमच्या गावात सापडला. रानशेत समुद्रापासून आत, पूर्वेकडे. वस्ती बहुतेक वारल्यांची. पावसाळ्यात भात; भात निघाले की घरची कर्ती माणसे वीटभट्ट्यांवर, बागांत, नाही तर गुजरातेकडील मच्छीमार होड्यांवर कामास जातात. मागे राहिलेली पोरे कापणी झालेल्या शेतांत रबरी चेंडूने क्रिकेट खेळतात. अशा शेतांत धावून धावून ज्याची चाल तयार झाली, असा एक मुलगा गेल्या वर्षी एका शहरातील महाविद्यालयात गेला. मी त्याला चौथीपर्यंत शिकवले होते. त्याच्या घरातून महाविद्यालयात गेलेला तो पहिलाच. गोलंदाजी अशी वेगवान की, पहिल्याच निवडचाचणीत त्याने तिसऱ्या वर्षाच्या दोघा फलंदाजांच्या यष्ट्या उखडल्या. आणि नंतर तेथील क्रीडाशिक्षकांनी त्याला सांगितले, ‘यंदा सामने खेळू नकोस. सरावास ये, संघाबरोबर प्रवास कर, आणि गावाकडचे बक्षिसांचे सामनेही बंद.’

त्यांचे कारण खरे होते. कोवळ्या वयातील वेगवान गोलंदाजाच्या कण्यावर, विशेषतः कमरेजवळच्या मणक्यांवर, फार ताण पडतो. हाड पुरते पक्के होण्यापूर्वी षटकांमागून षटके टाकत गेल्यास त्यास बारीक तडे जातात, आणि पुष्कळांची गोलंदाजी तेथेच संपते. इंग्लंड-ऑस्ट्रेलियात या वयाच्या गोलंदाजांनी किती षटके टाकावीत यावर मर्यादा घातलेली असते, ती यासाठीच. मुलगा सुटीत आला तेव्हा वडिलांना घेऊन माझ्याकडे आला. मी त्यांना हे सर्व समजावून सांगितले, आणि हाताशी होता तो दाखला दिला. मुलाचे वडील घोलवडच्या बाजूस चिकूच्या बागेत मजुरीस जातात. रायणीच्या खुंटावर बांधलेले चिकूचे कलम लहानपणीच फुलू लागते. पण जाणता बागायतदार पहिली दोन-तीन वर्षे त्याच्या कळ्या खुडून टाकतो, म्हणजे झाडाचा जोर फळांत न जाता मुळांत आणि फांद्यांत जातो. मी म्हटले, ‘तुम्ही स्वतःच तर कळ्या खुडता. हे त्यातलेच आहे.’

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘गुरुजी, कळी खुडायची मजुरी मालक देतो. त्याची दुसरी झाडे धरलेली असतात. माझ्याकडे हे एकच झाड आहे.’

या उत्तराने मी निरुत्तर झालो, असे म्हणण्यापेक्षा माझा प्रश्नच बदलला, असे म्हणणे अधिक खरे होईल. धीर धरणे हा सद्‌गुण आहे असे आपण मुलांना शिकवतो. परंतु तो एक प्रकारचे भांडवलही आहे, हे सांगण्यास विसरतो. ज्याची जुनी झाडे फळाला आलेली आहेत, त्याला नव्या कलमाची कळी खुडणे परवडते. ज्याचे सगळे घर त्या एका कलमाकडे डोळे लावून आहे, त्याला पहिल्या वर्षाची चार फळेही मोलाची. गावोगावच्या सामन्यांत मिळणाऱ्या बक्षिसांतून त्या मुलाचा गाडीखर्च आणि वह्यापुस्तके निघत होती. संघातून प्रत्यक्ष खेळणाऱ्यास जी सवलत मिळते, ती बाकावर बसणाऱ्यास नसते. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. पण त्यांकरिता स्पर्धेतील कामगिरीचे प्रमाणपत्र लागते, आणि पाणी नेल्याचे प्रमाणपत्र कोणी देत नाही. अमेरिकेतील तांबड्या सदऱ्याच्या ज्या विद्यार्थ्यास शिष्यवृत्ती असते, त्याची ती बाहेर बसण्याच्या वर्षातही चालू राहते. आपण तिकडची कल्पना आणू पाहतो, आणि तिच्यामागचा पैसा तिकडेच राहू देतो.

आमच्याच तालुक्यात या बाबतीत एक मोठा धडा घालून दिलेला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीस, आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांच्या शिक्षणाचे काम केले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही की आईबापांस उपदेश केला नाही. त्यांनी शाळाच कुरणावर नेली. गुरे चरत राहिली, मुले शिकत राहिली. शिकण्यासाठी मुलाने पोट बाजूस ठेवावे असा आग्रह न धरता, शिक्षणानेच पोटाच्या वाटेवर येऊन बसावे, हा त्यातील विचार. राखलेल्या वर्षाचा विचार करणाऱ्यांनी ही कुरणशाळा आठवावी.

मुलाच्या वडिलांचे म्हणणे मी क्रीडाशिक्षकांस पत्राने कळवले. ते सुजाण गृहस्थ निघाले. त्यांनी मुलाच्या दोन वेळच्या जेवणाची आणि गाडीभाड्याची तजवीज केली. आठवड्यास किती षटके टाकावयाची, व्यायाम कोणता, दुय्यम संघाकडून किती सामने खेळावयाचे, आणि हे सारे कोणत्या महिन्यापर्यंत, ते एका कागदावर लिहून त्याच्या हाती दिले. कागद वडिलांस वाचता येत नाही; मुलाने तो वाचून दाखवला. त्यानंतर त्यांनी होकार दिला. आता ते वर्ष अर्ध्यावर आले आहे.

‘कोणत्या महिन्यापर्यंत’ या शब्दांस मी विशेष महत्त्व देतो. थांबण्यास शेवट नसेल तर राखणे आणि विसरणे यांत भेद उरत नाही. पद्माकर शिवलकर यांनी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ५८९ बळी घेतले. बिशनसिंग बेदी यांच्या काळात जन्मल्यामुळे कसोटीचे दार त्यांना अखेरपर्यंत उघडले नाही, आणि २०२५ साली ते निवर्तले. त्या ६६४ धावांच्या भागीदारीच्या वेळी पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा अमोल मुझुमदार होता. पुढे रणजीतील पहिल्याच सामन्यात त्याने २६० धावा काढल्या, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा जमवल्या, आणि तरी भारताकडून एकही सामना त्याच्या नशिबी आला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा त्यांचे प्रशिक्षक मुझुमदार होते, हे वाचून अनेकांस बरे वाटले, मलाही वाटले. परंतु त्या आनंदाने जुना हिशेब फिटला असे म्हणणे सोपे, ते पॅड बांधून बसणे कठीण.

राखण्याच्या नावाखाली चालणारा आणखी एक प्रकार आहे, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. मुलाचे अंग वाढू द्यावयाचे, पण कागदावर वय वाढू द्यावयाचे नाही. म्हणजे तो लहानांत मोठा होऊन खेळतो आणि लहानांची जागा घेतो. राहुल द्रविड यांनी डिसेंबर २०१५ मधील पतौडी स्मृतिव्याख्यानात या वयचोरीवर नेमके बोट ठेवले होते. पुढल्या वर्षी क्रिकेट नियामक मंडळाने, एका खेळाडूस एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात एकदाच खेळता येईल, असा निर्बंध घातला. त्याचे मर्म असे की, खालच्या पायरीवर कोणी घर बांधून राहू नये. मुलास खालच्या पायरीवर थांबवावे ते वर चढण्याची ताकद यावी म्हणून. खालच्यांत उंच दिसावे म्हणून नव्हे.

क्रिकेटशी ज्यांचा संबंध नाही, अशा वाचकांस हे सारे दूरचे वाटेल. पण बारावीनंतर वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी प्रवेशाच्या परीक्षेसाठी ‘एक वर्ष थांबू या’ असे आपल्यापैकी किती घरांत ठरते! तेही राखलेले वर्षच, आणि त्यातला बारावा गडी आपल्याच घरात, दार लोटून, टेबलाशी बसलेला असतो. बरोबरीची मुले पुढे गेली, त्यांच्या महाविद्यालयातील गंमती कानांवर येतात, पाहुणे ‘हल्ली काय करतोस?’ म्हणून विचारतात, आणि त्या प्रश्नास एका वाक्यात देण्याजोगे उत्तर त्याच्यापाशी नसते. ते वर्ष त्याने मागितले होते, की आपण त्याच्यासाठी मागितले? आल्फसनने स्वतः विनंती केली होती, ही गोष्ट त्या तांबड्या सदऱ्याच्या कथेत सर्वांत महत्त्वाची आहे, आणि ती रीत नियमांत बसली तेव्हा सर्वांत आधी विसरली गेली.

तेव्हा, गुणी मुलास पहिल्या वर्षी राखावे की उतरवावे, याला माझे उत्तर एका शब्दाचे नाही. त्याच्या हाडांसाठी, त्याच्या शिक्षणासाठी राखावयाचे असेल तर जरूर राखावे. पण का राखतो ते त्याला सांगावे, वर्षात काय करावयाचे ते ठरवून द्यावे, केव्हा संपणार ते आधीच बोलावे, आणि त्या वर्षाचा खर्च ज्याने ‘थांब’ म्हटले त्याने उचलावा. यांतील एकही गोष्ट करता येत नसेल, तर त्याला खेळू द्यावे. तो हरेल, बाद होईल, प्रसंगी पडेलही. पण ते वर्ष त्याचे स्वतःचे असेल.